पाल तासन्‌तास हलत नाही, तरी ती जगते कशी?

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की त्यांच्या खोलीतील पाल थंडीच्या दिवसांत भिंतीवरच्या दिव्यामागे एकाच जागी चिकटून असते, हुसकावली तर चार हात धावते आणि पुन्हा थांबते, काही खाताना फारशी दिसत नाही, आणि गेल्या आठवड्यात दाराच्या फटीत सापडून तिचे शेपूटही तुटले. ती आजारी आहे का, शेपटावाचून जगेल का, आणि पाल, सरडा, घोरपड हे सगळे एकाच गटातले प्राणी मानायचे का, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी गेली बावीस वर्षे सरपटणाऱ्या प्राण्यांचे रानात निरीक्षण करतो आणि जखमी होऊन आलेल्या प्राण्यांची देखभालही करतो. त्या अनुभवावरून सांगतो की हे प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण पालीला मांजराच्या किंवा स्वतःच्या मापाने मोजतो. मांजर आठवडाभर जागचे हलले नाही आणि जेवले नाही, तर ते आजारी आहे हे निश्चित समजावे. पालीबाबत तेच लक्षण बहुतेक वेळा प्रकृती ठीक असल्याचे असते. तिच्या शरीराचा हिशोबच वेगळ्या चलनात चालतो आणि ते चलन म्हणजे ऊब.

आधी गटाचा प्रश्न उरकून घेऊ. मराठीत या साऱ्या प्राण्यांना मिळून रोजच्या बोलण्यातला एकच शब्द नाही. पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी असे आपण प्रत्येकाला वेगळे ओळखतो, आणि पुस्तकी लिखाणात ‘सरडे’ हाच शब्द सर्वांसाठी ताणून वापरतो. मीही या उत्तरात तसेच करणार आहे. जगात त्यांच्या ७,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. अंगावर खवले, ठरावीक काळाने कात टाकणे, फुप्फुसांनी श्वास घेणे आणि शेपटाच्या मुळाशी आडवा मलमूत्रमार्ग असणे ही त्यांची सामाईक लक्षणे आहेत. साप हे याच कुळातून, पाय गमावलेल्या सरड्यांपासून निपजले. त्यामुळे काटेकोर वंशावळ मांडली तर साप हा सरड्यांचाच एक फाटा ठरतो. याउलट मगर दिसायला थोरल्या घोरपडीसारखी असली, तरी तिचे जवळचे नाते पक्ष्यांशी आहे. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये ‘भयंकर सरडा’ अशा अर्थाने घडवला, पण डायनोसॉरही सरडे नव्हते. न्यूझीलंडमधील तुआतारा तर इतका हुबेहूब सरड्यासारखा दिसतो की पाहणारा पैजेवर फसावा. तरीही तो सरडे व साप यांच्यापासून फार पूर्वी फुटलेल्या, आज एकट्या उरलेल्या वंशाचा आहे.

बिनपायाचे सरडेही असतात, आणि लोक त्यांना साप समजून मारतात. समोरचा प्राणी डोळे मिटू शकत असेल आणि त्याच्या डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र दिसत असेल, तर तो साप नव्हे, कारण सापाला पापणीही नसते आणि बाह्य कानही नसतो. उलट बाजूने मात्र ही कसोटी लावू नये. आपल्या घरातील पालीलाही हलणारी पापणी नसते. तिच्या डोळ्यावर पारदर्शक खवल्याची काच बसवलेली असते आणि ती काच ती जिभेने चाटून पुसते. रात्री दिव्याजवळ थोडे थांबून पाहिल्यास हे सहज दिसते.

आता मुख्य मुद्दा. ‘थंड रक्ताचे प्राणी’ हा शब्दप्रयोग मी माझ्या लिखाणातून काढून टाकला आहे, कारण तो दिशाभूल करतो. दुपारी उन्हात हिंडणाऱ्या सरड्याचे रक्त थंड मुळीच नसते. वाळवंटी इग्वाना नावाचा सरडा ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या देहतापमानात आरामात वावरतो, म्हणजे त्या घटकेला त्याचे रक्त आपल्यापेक्षा गरम असते. फरक आहे तो ऊब कोठून येते यात. आपण अन्न जाळून शरीर तापवतो. सरडा ऊन, तापलेला दगड, भिंत यांच्याकडून ती उसनी घेतो. हे उसने घेणे आंधळेपणाने होत नाही. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरड्यांवरचे निरीक्षण १९४४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आले की हे प्राणी ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून आपले तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात. तोवर, हवा जशी तसा सरडा, असाच समज होता.

हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले ती सकाळ मला आजही आठवते. एका खडकाच्या कपारीतून सरड्याचे नुसते डोके बाहेर आले आणि तेवढेच कितीतरी वेळ उन्हात राहिले. धड आत, अंधारात. त्या वेळी मला तो घाबरट वाटला. पुढे कळले की त्यात दुहेरी शहाणपण आहे: डोके आधी तापले की डोळे आणि मेंदू तरतरीत होतात, आणि गारठलेले, पळण्यास असमर्थ असे धड तोपर्यंत शत्रूच्या आवाक्याबाहेर राहते. नंतर तो पूर्ण बाहेर आला, बरगड्या फाकवून अंग भाकरीसारखे चपटे केले आणि उन्हाला आडवा होऊन बसला. त्याचा रंग जवळजवळ काळा होता. मी त्याला दोऱ्याच्या फासाने हलकेच पकडून तापमान घेतले, तेव्हा हवा अजून गारच होती आणि त्याचे अंग मात्र हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी उबदार होते. अर्ध्या-पाऊण तासाने त्याच खडकावरचा दुसरा सरडा फिकट, भुरका झालेला दिसला. पुरेशी ऊब मिळाल्यावर काळेपणाची गरज संपली होती. ‘सरड्यासारखा रंग बदलणे’ हे आपण लबाडीचे लक्षण म्हणून वापरतो, परंतु रंगबदलाचे मोठे कारण असे घरगुती असते. दुसरे कारण म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धमकावणे किंवा मादीला आकर्षित करणे. ज्याचे रंग सर्वाधिक गाजतात त्या शॅमेलिऑनच्या त्वचेत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्यांतील अंतर वाढले-घटले की परावर्तित होणारा रंग पालटतो, हे २०१५ मध्ये दाखवून देण्यात आले. ज्या पानावर बसला त्याच्याशी रंग जुळवत हिंडणे, हे त्याचे मुख्य काम नव्हे.

उसन्या उबेचा फायदा किती मोठा आहे, हे लक्षात आल्याशिवाय प्रश्नकर्त्यांच्या पालीचे वागणे उलगडणार नाही. समान वजनाच्या सस्तन प्राण्याला विश्रांतीत जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहाव्या हिश्श्यात सरड्याचे भागते, आणि अंग गार असले तर त्याहूनही कमी लागते. त्यामुळे उंदराला रोज धडपडावे लागते आणि पालीला एखादी रात्र, किंबहुना अनेक रात्री, नुसते बसून राहणे परवडते. उत्तर अमेरिकेतील गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा वर्षाकाठी मोजकीच मोठी जेवणे करून राहू शकतो. गॅलापागोस बेटांवरील सागरी इग्वाना समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो. एल निनोच्या वर्षी शेवाळ मिळेनासे झाले की तो केवळ वाळत नाही, तर लांबीनेही घटतो, आणि ही घट २० टक्क्यांपर्यंत मोजली गेली आहे. सुगी आली की तो पुन्हा वाढतो. हाडांसकट आखूड होऊन दुष्काळ काढणारा प्रौढ प्राणी माझ्या माहितीत दुसरा नाही.

या काटकसरीची किंमतही आहे. गारठलेल्या सरड्याचे पचन जवळजवळ थांबते. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एका थंड पहाटे एक सुस्त घोरपड आणली गेली. ती अशक्त आहे असे समजून माझ्या सहकाऱ्याने तिला लगेच भरवले आणि मीही अडवले नाही. दोन दिवसांनी तिने ते सारे जसेच्या तसे, दुर्गंधीसह, ओकून टाकले. ऊब न मिळाल्याने पोटातले अन्न पचण्याऐवजी सडले होते. तेव्हापासून आमचा क्रम ठरून गेला: आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न सर्वांत शेवटी. सरडा थंडीत खात नाही, यात त्याचे हितच असते. प्रश्नकर्त्यांच्या पालीने दिव्यामागची जागा धरली आहे, तीही याच न्यायाने. निशाचर पालीला ऊन मिळत नाही, म्हणून ती तापलेल्या पृष्ठभागाला पोट लावून ऊब घेते. त्यातून दिव्याकडे किडे आपणहून येतात, म्हणजे शेगडी आणि स्वयंपाकघर एकाच ठिकाणी. शिवाय पालींना सावकाश चालण्यासाठी दिवसा फिरणाऱ्या सरड्यांपेक्षा कमी ऊर्जा लागते, आणि म्हणूनच रात्रीच्या गार हवेतही त्यांची शिकार चालू राहू शकते.

चार हात धावून थांबण्याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. सरडा धावताना अंग डावी-उजवीकडे वळवतो आणि त्यासाठी बरगड्यांभोवतीचे जे स्नायू वापरतो, तेच स्नायू श्वासासाठीही लागतात. एकाच वेळी जोराची धाव आणि भरपूर श्वास ही दोन्ही कामे त्यांना झेपत नाहीत. म्हणून धाव साठवलेल्या शक्तीवर होते, ती चटकन संपते, आणि श्वास भरून काढण्यासाठी थांबावे लागते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याची नजर अचूक होती. कुंपणापलीकडे जायला सरड्याची छातीच पुरत नाही. घोरपडीच्या कुळाने या अडचणीवर तोड काढली आहे. ती चालताना गळा फुगवून हवा फुप्फुसांत ढकलते, त्यामुळे इतर सरड्यांच्या तुलनेत तिचा दम बराच टिकतो. याच कुळातील इंडोनेशियाचा कोमोडो ड्रॅगन तीन मीटरपर्यंत वाढतो आणि भक्ष्यासाठी लांबवर भटकू शकतो.

आता शेपटाकडे वळतो, कारण प्रश्नकर्त्यांना खरी काळजी त्याचीच दिसते. पालीचे शेपूट अपघाताने तुटत नाही. पाल ते तोडते. शेपटातील मणक्यांच्या मधोमध आधीपासून कच्च्या रेघा असतात, स्नायूही त्याच ठिकाणी खाचाखाचांनी जोडलेले असतात, आणि पकड बसताच स्नायू आकसून तो तुकडा सुटतो. रक्तवाहिन्या लगेच मिटतात, म्हणून रक्त जेमतेम थेंबभर दिसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुटलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्म, छत्रीच्या आकाराचे खांब आढळले. सरळ ओढ बसली तर ते घट्ट राहतात, पण किंचित वाकवले की सुटतात. एरवी पक्के आणि गरजेला हलके, अशी ही जोडणी आहे. तुटलेला तुकडा काही मिनिटे वळवळत राहतो, शत्रूचे लक्ष त्याच्यावर खिळते आणि मालकीण निसटते.

मात्र हे फुकटात होत नाही. शेपूट हे चरबीचे कोठार असते. ते गेल्यावर काही महिने नवे शेपूट उभारण्यात शक्ती खर्च होते, वाढ मंदावते, माद्यांची अंडी कमी होऊ शकतात आणि तोल व चपळाई घटते. पाल थंडीच्या तोंडावर, किडे दुर्मीळ असताना शेपूट गमावते तेव्हा तिचा काळ कठीण जातो, पण भरल्या हंगामात तेच नुकसान ती पचवते. म्हणून ‘ती जगेल का’ या प्रश्नाचे उत्तर तिच्या खोलीत ऊब किती आहे, किडे किती आहेत आणि तुटण्यापूर्वी तिचे शेपूट किती जाडजूड होते, यांवर अवलंबून राहील. सर्वच सरडे हा उपाय करू शकत नाहीत: घोरपड आणि शॅमेलिऑन यांचे शेपूट असे सुटत नाही, आणि काही पालींचे एकदा गेले की परत येत नाही. घरातील पालीचे मात्र येते.

भिंतीवर ती टिकून कशी राहते, हे त्यांनी विचारलेले नाही, तरी रोज नजरेसमोर असलेली गोष्ट आहे म्हणून थोडक्यात सांगतो. तिच्या पायाला गोंद नसतो आणि हवा शोषून धरणाऱ्या वाट्याही नसतात. ‘टोके’ नावाच्या जातीच्या पालीच्या एका पायावर सुमारे पाच लाख केस मोजले गेले आहेत आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो सूक्ष्म पात्यांत विभागलेले असते. ही पाती पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात की दोन पदार्थांच्या रेणूंमधील क्षीण आकर्षणही, लाखो ठिकाणी एकवटून, तिचे वजन पेलते. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० व २००२ मध्ये हे प्रयोगांनी दाखवले. चिकटण्यापेक्षा सुटणे मला अधिक नवलाचे वाटते. काचेच्या दुसऱ्या बाजूने पाहा: पाऊल उचलताना ती बोटे टोकाकडून वर, म्हणजे आपल्या बोटांच्या उलट दिशेला, गुंडाळत नेते, जशी चिकटपट्टी एका टोकापासून सोलावी.

प्रजननातही तापमानच पुन्हा डोकावते. बहुतेक सरडे अंडी घालतात. घरातील पाल एका वेळी साधारणतः दोन, कठीण कवचाची अंडी फटीत ठेवते आणि गाभण मादीच्या पातळ पोटातून ती पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. परंतु थंड प्रदेशात जमिनीतील अंडी उबणे अवघड असते, म्हणून अनेक वंशांनी ती पोटातच वागवून जिवंत पिल्ले देण्याचा मार्ग पत्करला. याच बळावर एक छोटा युरोपीय सरडा उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडेही राहतो. काही जातींत तर अंडी कोणत्या तापमानात उबली यावर पिल्लू नर होणार की मादी, हे ठरते. ही गोष्ट मॅडलिन शार्निए यांनी १९६६ मध्ये आफ्रिकेतील अगामा सरड्यात प्रथम नोंदवली. तापमान वाढत गेल्यास अशा जातींचे काय होईल, ही चिंता म्हणून केवळ पुस्तकी नाही. नरांवाचून, निव्वळ माद्यांवर चालणाऱ्या जातीही आहेत, आणि कोमोडो ड्रॅगनच्या एकट्या मादीने घातलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले.

विषाबद्दलही विचारणा होते, म्हणून एवढे नोंदवतो की घरातील पालीला विष नसते. तिच्या विष्ठेत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात, म्हणून तिची काळी, टोकाला पांढरा ठिपका असलेली लेंडी ओल्या फडक्याने पुसून हात साबणाने धुवावेत, एवढी काळजी पुरे. तो पांढरा ठिपका म्हणजे तिचे मूत्र होय. पाणी वाचवण्यासाठी ती ते घट्ट करूनच टाकते.

आता प्रश्नकर्त्यांनी काय करावे? तिला पकडून भरवू नये, तुटलेल्या जागी मलम लावू नये आणि दिव्यामागून हुसकावू नये, कारण प्रत्येक धावेमागे तिची शिल्लक कमी होते. रात्री लांबून पाहावे. किडा जवळ आल्यावर ती मान वळवून रोखून पाहत असेल, पोट भिंतीला टेकवून पण डोके किंचित उचलून बसत असेल, तर ती ठीक आहे. ऊब असूनही ती जमिनीवर निपचित पडली, कमरेची हाडे उठून दिसली किंवा तुटलेली जागा काळी, ओलसर होऊन सुजली, तरच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे. सारे सुरळीत असल्यास काही आठवड्यांत तुटल्या जागी एक बोथट, गडद कोंब दिसेल. पुढे त्याचे शेपूट होईल, पण त्यात मणके नसतील, कूर्चेची एक सलग नळी असेल. त्यामुळे पुन्हा तोडण्याची वेळ आली तर तिला जुन्या भागात, अधिक वर तोडावे लागेल. खवल्यांची ठेवण आणि रंगही मूळ शेपटाशी जुळणार नाहीत. जुने संपून नवे सुरू होते तेथे आडवी रेघ स्पष्ट दिसते, आणि त्या रेघेवरून प्रश्नकर्त्यांना पुढच्या थंडीत दिव्यामागे बसलेली पाल हीच की दुसरी, हे ओळखता येईल.